फियाट दर वीस मिनिटांनी रुसते, नागपुरातलं कुणी आहे का?

धंतोलीची_फियाट (नागपूर), १४ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा धागा काढते.

बाबांची गाडी आहे, १९८६ची प्रीमियर पद्मिनी. कागदावर पद्मिनी, घरात फियाटच. बाबा वेकोलितून (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळसा कंपनी) निवृत्त झाले. काचबिंदूमुळे चार वर्षांपासून चालवत नाहीत. मी चालवते आणि ते शेजारी बसून ब्रेक मारतात. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, पण पाय दाबतात.

तक्रार अशी. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. वर्धा रोडला लागलो की छत्रपती चौक ओलांडेपर्यंत एकदम मस्त. मग वीसेक मिनिटांनी कुठेतरी आचके द्यायला लागते, ॲक्सिलरेटर दाबला की आणखीच गुदमरते आणि बंद. दहा-पंधरा मिनिटं उभी ठेवली की काही झालंच नाही अशी सुरू होते. पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा तेच.

आतापर्यंत तीन मेकॅनिक झाले. पहिल्याने कॉइल बदलली. दुसऱ्याने एसी पंप, म्हणजे इंजिनावरचा पेट्रोलचा पंप, बदलला. तिसऱ्याने कार्बोरेटर पूर्ण खोलून नवीन किट टाकली आणि वर म्हणाला, "मॅडम, बेच डालो." साडेअकरा हजार गेले. परवा अजनीच्या पुलावर बंद पडली. मागून हॉर्नचा जो काय गजर झाला, बाबा तेव्हापासून गाडीत बसायला नाही म्हणताहेत. ते मला जास्त लागलं.

ओलं_फडकं (वर्धा), १४ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, व्हेपर लॉक. एप्रिल महिना, विदर्भ आणि इंजिनाला चिकटून बसलेला पंप. पेट्रोल नळीतच उकळतं, पंप वाफ ओढत बसतो, कार्बोरेटरला थेंब पोचत नाही. आमच्याकडे डिकीत पाण्याची कॅन आणि जुन्या धोतराचं फडकं बारा महिने असायचं. बंद पडली की बॉनेट उघडायचं, फडकं ओलं करून पंपावर आणि नळीवर ठेवायचं. पाणी गरम मॅनिफोल्डवर पडू देऊ नका, त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. एकदा तडकवलं आहे म्हणून सांगतो.

पॉइंट_साफ_करा (पुणे), १४ एप्रिल, रात्री ११:३२

फडकंबुवा, विदर्भात सगळ्याच रोगांना ऊन कारण असतं का? मला कंडेन्सर वाटतो. गरम झाला की दगा देतो, थंड झाला की शहाण्यासारखा वागतो. तीन मेकॅनिकांनी महागडे भाग बदलले, पण डिस्ट्रिब्यूटरमधल्या त्या चहा-भज्यांच्या किमतीच्या डबीला कुणी हात लावलेला दिसत नाही.

तपासायचं असं: बंद पडली की थंड व्हायच्या आत एक प्लग काढा, तो वायरीला लावून बॉडीला टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टचटच वाजणारी निळी ठिणगी दिसली तर इग्निशन निर्दोष. पिवळी, मरतुकडी दिसली तर कंडेन्सर बदला. आसपास पेट्रोल सांडलेलं असेल तर हा उद्योग करू नका.

रांगडा_मार्कथ्री (कोल्हापूर), १५ एप्रिल, सकाळी ७:१०

ताई, राग मानू नका, पण मेकॅनिक बरोबर बोलला. विका आणि एखादी इलेक्ट्रिक घ्या. चाळीस वर्षांचं म्हातारं किती दिवस सांभाळणार?

धंतोलीची_फियाट, १५ एप्रिल, सकाळी ७:४५

दादा, मी स्वतः एकेचाळीसची आहे.

रांगडा_मार्कथ्री, १५ एप्रिल, सकाळी ७:५२

🙏 माघार.

धंतोलीची_फियाट, १९ एप्रिल, दुपारी १:२०

आज दोन्ही प्रयोग केले. सकाळी दहाला निघाले, विमानतळाच्या अलीकडे नेहमीप्रमाणे बंद पडली. धाकट्या भावाला सोबत नेलं होतं, त्याने सेल्फ मारला, मी प्लग धरला (रबरी हातमोजे घालून, आई ओरडेल म्हणून). ठिणगी निळी, टचटच आवाजसुद्धा ऐकू आला. म्हणजे कंडेन्सर नाही. मग ओलं फडकं. पंप हाताला गार लागेपर्यंत ठेवलं. लगेच सेल्फ मारला, नाही झाली. बारा मिनिटांनी आपोआप झाली.

कार्बोरेटरची नळी काढून सेल्फ मारला तेव्हा पेट्रोल येतच नव्हतं, एवढं मात्र पाहिलं. पंप तर नवीन आहे!

पॉइंट_साफ_करा, १९ एप्रिल, दुपारी २:०१

मी हरलो. फडकंबुवाही हरले, एवढंच समाधान.

कामठीरोडचा_हेराल्ड (नागपूर), १९ एप्रिल, रात्री ९:१५

मी धागा पहिल्या दिवसापासून वाचून राहिलो. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली, त्यामुळे अर्धवट माहितीवर बोलायची सवय नाही. प्लग आणि नळी तुम्ही तपासली, म्हणून आता बोलतो. तीन प्रश्न आहेत, उत्तरं नीट आठवून द्या.

हा त्रास नेमका कधी सुरू झाला? तो सुरू व्हायच्या आधीच्या आठ-पंधरा दिवसांत गाडीत काय बदललं? मेकॅनिकांनी नंतर टाकलेलं सांगू नका, त्याच्याही आधीचं. आणि टाकी काठोकाठ भरली की गाडी लवकर बंद पडते की उशिरा?

धंतोलीची_फियाट, १९ एप्रिल, रात्री १०:०२

काका, त्रास मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला. त्याआधी काहीच बदललं नाही... थांबा. पेट्रोल भरायला गेले होते तेव्हा टाकीचं झाकण तिथेच राहिलं. दुसऱ्या दिवशी बर्डीवरच्या एका दुकानातून चावीवालं नवीन झाकण आणलं. ते धरायचं का?

आणि हो, टाकी फुल केली त्या दिवशी दहा मिनिटांतच बंद पडली होती! मी म्हटलं, पेट्रोलमध्ये पाणी असेल.

कामठीरोडचा_हेराल्ड, १९ एप्रिल, रात्री १०:१०

धरायचं म्हणजे? तेच धरायचं. उद्या बंद पडली की बॉनेट उघडू नका. मागे जा, झाकणाला कान लावा आणि हळूच उघडा. काय ऐकू आलं ते इथे लिहा. मग बोलू.

धंतोलीची_फियाट, २० एप्रिल, सकाळी ११:३०

मंडळी, अंगावर काटा आला.

बाबांना मुद्दाम सोबत घेतलं. यायला तयार नव्हते, पण "कान लावायचं काम आहे, डोळ्यांचं नाही" म्हटल्यावर बसले. सोनेगावच्या पुढे आचके सुरू झाले, कडेला घेतली. बाबा दाराला धरत धरत मागे गेले, वाकले, झाकणाला कान टेकवला. मी चावी फिरवली. आधी झाकण निघेचना, कुणी आतून धरून ठेवल्यासारखं. मग सुटलं आणि फुस्सस्स! किमान तीन सेकंद टाकी आत हवा ओढत होती. बाबा तसेच वाकून उभे. मी पुढे जाऊन सेल्फ मारला. पहिल्या झटक्यात सुरू!

झाकणाऐवजी रुमाल बांधून घरापर्यंत आलो. एकदाही बंद पडली नाही. बाबा वाटेत एकच वाक्य बोलले: "साडेअकरा हजार अन् एका भोकाचा प्रश्न."

कामठीरोडचा_हेराल्ड, २० एप्रिल, सकाळी ११:४८

शाब्बास. पण आधी तो रुमाल काढा. पेट्रोलची वाफ उघडी ठेवून फिरायचं नसतं, तेही या उन्हात.

वाचणाऱ्यांसाठी सांगतो. इंजिन पेट्रोल ओढतं, तेवढी जागा भरायला टाकीत हवा आत यावी लागते. जुन्या झाकणात त्यासाठी बारीक वाट असते. ताईंचं नवीन झाकण हवाबंद. पेट्रोल जातं, हवा येत नाही, टाकीत निर्वात तयार होतो, आणि शेवटी पंपाला पेट्रोल ओढणं जमत नाही. दहा-पंधरा मिनिटांत कुठून तरी झिरपून हवा आत जाते, मग गाडी चालते. टाकी भरलेली असेल तर आत मोकळी हवा कमी, म्हणून निर्वात लवकर होतो. नवीन पंप, नवीन कार्बोरेटर, काहीही टाका, हा आजार तिथे नव्हताच. मार्चमध्ये झाकण बदललं आणि मार्चमध्येच ऊन वाढलं, म्हणून सगळे उन्हामागे लागले.

ओलं_फडकं, २० एप्रिल, दुपारी १२:१५

काका, दंडवत. फडकं वाळत घातलं आहे.

शेवटची_काळीपिवळी (मुंबई), २० एप्रिल, रात्री ८:४०

ताई, झाकणाला घरी ड्रिल मारू नका. बुरादा टाकीत पडतो आणि पावसाचं पाणीही जातं. माझे वडील तीस वर्षं पद्मिनी टॅक्सी चालवायचे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून गेली. आमची त्याआधीच गेली होती. वडिलांनी गाडी दिली, पण एक पत्र्याचा डबा दिला नाही. त्यात तीन झाकणं आहेत, मूळची. एक तुमचं. मेसेजमध्ये पत्ता पाठवा.

धंतोलीची_फियाट, २० एप्रिल, रात्री ८:५५

दादा, किती पाठवू?

शेवटची_काळीपिवळी, २० एप्रिल, रात्री ९:००

संत्रा बर्फी. अर्धा किलो पुरे, डायबिटीस आहे. बाबांना नाही, मला.

वळणावळणाचा_घाट (नाशिक), २३ एप्रिल, सकाळी ९:३०

धागा भारी. पण झाकण मिळालं म्हणून निर्धास्त राहू नका. आता पेट्रोल पंपावर मिळतं ते ई२० आहे, वीस टक्के इथेनॉल. चाळीस वर्षांपूर्वीच्या रबराला ते सोसत नाही. नळ्या, पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची गॅस्केट फुगतात, नाहीतर कडक होऊन तडकतात.

पॉइंट_साफ_करा, २३ एप्रिल, सकाळी १०:१२

झालं सुरू. माझी १९७८ची गाडी ई२०वर दोन वर्षं चालते आहे, काही झालं नाही.

वळणावळणाचा_घाट, २३ एप्रिल, सकाळी १०:२०

तुम्ही रोज चालवता. महिनोन्‌महिने झाकून ठेवणाऱ्यांचं काय? इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी उभी राहिली की पाणी सुटून टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो.

कामठीरोडचा_हेराल्ड, २३ एप्रिल, सकाळी ११:००

दोघंही बरोबर आहेत, भांडू नका. मी माझ्या गाडीचं काय केलं ते सांगतो. पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या काढून व्हिटॉनच्या (इथेनॉल सोसणारं रबर) टाकल्या. दिसायला साध्या नळीसारखीच असते, म्हणून दुकानदाराला छापलेला मजकूर दाखवायला सांगा. टाकीनंतर पारदर्शक फिल्टर लावला. इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, पहिला महिनाभर फिल्टरमध्ये तांबडं दिसेल. घाबरू नका, बदलत जा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं; कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. गाडी अडखळली तर कार्बोरेटरमधलं मेन जेट (ज्या भोकातून पेट्रोल येतं ते) एक नंबर मोठं घ्या. आणि गाडी चालवा. आठवड्यातून एकदा तरी.

धंतोलीची_फियाट, ३० एप्रिल, रात्री ९:२०

झाकण आलं! वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आत काळ्या शाईने लिहिलेला जुना टॅक्सी नंबर. बसवलं. काल बुटीबोरीपर्यंत जाऊन आले, दुपारी, मुद्दाम. एक आचका नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. हेराल्ड काका शनिवारी घरी येऊन गेले. न कळवता. सकाळी साडेसहाला गल्लीत एक विचित्र फट्‌फट्‌ आवाज आला आणि बाबा आतून ओरडले, "हे तर स्टँडर्ड हेराल्ड आहे बे!" दार उघडेपर्यंत काकांनी आमच्या बोळात एका दमात गाडी वळवून दाखवली. आमची फियाट त्या बोळात तीनदा मागेपुढे करावी लागते. मग त्यांनी हेराल्डचं अख्खं बॉनेट, मडगार्ड आणि दिव्यांसकट, पुढच्या बाजूला उलटवलं. पुढची दोन्ही चाकं उघडी पडली. समोरच्या घरातली पोरं शाळेची बस सोडून पाहत उभी.

तर्री पोहे झाले. काकांनी फियाटचे पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, उघडझाप करणारे संपर्क) काढून बाबांच्या तळहातावर ठेवले. बाबांनी नुसतं बोट फिरवून सांगितलं, "डाव्याला खड्डा पडला आहे." पडलाच होता. चार वर्षांत पहिल्यांदा बाबांच्या नखात ग्रीस दिसलं. आई धुवायला लावत होती, त्यांनी दुपारपर्यंत धुतलं नाही.

कामठीरोडचा_हेराल्ड, ३० एप्रिल, रात्री ९:४०

पोह्यांत तर्री कमी होती. बाकी ठीक.

सेमिनरीहिल्स_सायकल (नागपूर), २ मे, सकाळी ८:०५

माझ्याकडे जुनी गाडी नाही, पण प्रश्न आहे. हिला पंधरा वर्षांचा नियम लागत नाही का? भंगारात द्यावी लागेल ना?

धंतोलीची_फियाट, २ मे, सकाळी ८:३०

तो दिल्लीकडचा वाद. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करायचं, गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, पर्यावरण कर भरायचा. आमची मुदत या नोव्हेंबरला संपते. वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५पासून दहा हजार झाली आहे, त्याआधी पाच होती. टोचतं, पण करणार.

वळणावळणाचा_घाट, २ मे, सकाळी ९:१०

कुणी तरी सुचवेल "व्हिंटेज म्हणून नोंदवा", म्हणून आधीच लिहितो. २०२१च्या नियमाप्रमाणे त्यासाठी गाडी पन्नास वर्षांची आणि मूळ स्वरूपात हवी. नंबरात 'व्हीए' येतं, फी वीस हजार, आणि मग रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढंच. ताईंच्या गाडीला अजून दहा वर्षं आहेत, आणि भाजी आणायला जाणारी गाडी आहे ती, भाजीच आणू द्या.

रांगडा_मार्कथ्री, १८ मे, रात्री ११:२५

ताई, जरा लाज वाटतेय, तरी विचारतो. मी "विका" म्हणालो होतो. खरं सांगायचं तर आमच्या शेडमध्ये आजोबांची १९७७ची अँबेसिडर मार्क थ्री पडून आहे. नावात मार्क थ्री लावलंय, पण आठ वर्षांत चाक हललं नव्हतं. हा धागा वाचून पंधरा दिवसांपूर्वी बॅटरी टाकली. सुरू झाली राव! पण पुढून खर्‌खर्‌ येतंय. इथला मेकॅनिक म्हणतो टॅपेट (व्हॉल्व्ह हलवणारे भाग), इंजिनाचं हेड उघडावं लागेल. खर्चाचा आकडा ऐकून बसलोच. तुमच्या बाबांना आवाज ऐकवता का? क्लिप पाठवली आहे. गाडी मागच्या बाजूने रेकॉर्ड केली, मग पुढून.

धंतोलीची_फियाट, १९ मे, सकाळी ७:३०

बाबांनी चार वेळा ऐकली. मग हेराल्ड काकांना फोन लावून फोनलाच फोन लावून ऐकवली. दोघांचं पंधरा मिनिटं चाललं होतं, मी चहा केला. निकाल असा आहे, बाबा सांगताहेत आणि मी लिहिते:

टॅपेट असता तर टकटक झाली असती, एका तालात, इंजिनाच्या निम्म्या वेगाने. हा आवाज ओढल्यासारखा आहे, घासतो आहे, आणि पुढून जास्त येतो. हेड उघडू नको. इंजिन बंद करून फॅनबेल्ट काढ. मग एक मिनिटभर, त्याहून जास्त नाही, सुरू कर. आवाज गेला तर इंजिन निर्दोष. मग डायनॅमो आणि वॉटर पंप हे दोनच संशयित. इंजिन बंद असताना पंखा हाताने पुढेमागे हलवून पाहा. खुळखुळला तर वॉटर पंपाचं बेअरिंग.

रांगडा_मार्कथ्री, २१ मे, संध्याकाळी ६:५०

बेल्ट काढला, आवाज गायब! पंखा हलवला, दुधाच्या दातासारखा डुगडुगतोय. मेकॅनिकला दाखवलं, तो म्हणाला, "कुणी सांगितलं?" मी म्हणालो, नागपूरचे काका आहेत, त्यांना दिसत नाही नीट, पण ऐकू येतंय. तो गप्पच बसला.

पंप नाना पेठेत मिळतोय. पॉइंट साहेब, जाऊन आणाल का? पैसे लगेच पाठवतो.

पॉइंट_साफ_करा, २१ मे, संध्याकाळी ७:०४

उद्या सकाळीच जातो. जुन्याचा फोटो टाक, बसायच्या बाजूने, भोकं मोजता आली पाहिजेत.

रांगडा_मार्कथ्री, ३ जून, रात्री ८:३०

बसला. रंकाळ्याला एक फेरी मारून आलो, आजी मागे बसली होती, साडी बदलून. ताई, नवीन क्लिप पाठवली आहे. तुमच्या बाबांना विचारा, आता आवाज बरोबर आहे का? मला बारीक कुरकुर ऐकू येतेय, का भास आहे माहीत नाही.

धंतोलीची_फियाट, ३ जून, रात्री ९:१५

ऐकवली. बाबा म्हणतात इंजिन छान आहे, हात लावू नको. कुरकुर भास नाही, पण ती गाडीची नाही. तुझ्या शेडमध्ये टेबलफॅन चालू आहे, त्याला तेल घाल.